बेस कोटखालचा डाग

१२ जानेवारी

पार्लरच्या ताईंनी आज खिडकीजवळचं टेबल मला द्यायचं कबूल केलं. मार्चच्या पहिल्या तारखेपासून तिथे बसून मी बायकांना नेलपॉलिश लावायचं. टेबल त्यांचं, बाटल्या आणि मेहनत माझी. अट मात्र त्यांनी सरळ सांगून टाकली. "माझ्याकडे येणाऱ्या बायका महागातलं लावणाऱ्या नाहीत. स्वस्तातलंच आण. पण ते आठवडाभर टिकलं पाहिजे आणि काढल्यावर नखावर डाग दिसता कामा नये. एकीचं नख खराब झालं की ती दहाजणींना सांगत सुटते. तसं झालं तर त्या टेबलावर मी पुन्हा टॉवेल ठेवीन, आधीच सांगते."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "झेपेल ना?" हे लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं ओझं आधी विचारतात. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या, घालत राहिल्या. मला लागलं. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा मी प्रसाधनांच्या दुकानातली नोकरी सोडून घरी बसले होते. ते गेले तोवर माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली होती. मी त्याबद्दल कधी कुणाला बोल लावला नाही. पण आज कुणीतरी "छान झालं" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? कुणी म्हणत नाही तर मीच लिहिते. छान झालं.

१५ जानेवारी

बाजारातून स्वस्तातल्या बाटल्यांची पिशवी भरून आणली. नावं सगळ्यांची फॅन्सी, वाचताना जीभ अडखळते. म्हणून मी माझी नावं ठेवली. बेस कोट, म्हणजे रंगाखाली लावायचा थर, तीन: एक दुधी, एक पाणचट, आणि एक रबरासारखा वास मारणारा, तो रबरी. रंगांमध्ये एक जाड्या आहे, ब्रशला लोंबतो आणि वाळायचं नाव घेत नाही. एक झटपट, नखावर पोचायच्या आधीच वाळतो. गडद निळा मात्र देखणा निघाला.

आता एवढे प्रयोग करायला नखं कुठून आणायची? माझी दहा पुरणार नाहीत, शिवाय माझे हात सारखे भांड्यांत. यांना विचारलं तर म्हणाले, "लाल नखांनी लिफ्टचं बटण दाबलं तर माणसं जिन्याने जातील." खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईने डावा हात देऊ केला, उजव्याने कात्री धरायची असते म्हणून.

आणि संध्याकाळी सासूबाई आपणहून म्हणाल्या, "माझे हात रिकामेच असतात. पण भडक काही नको हं." असं म्हणून बोट ठेवलं कशावर, तर त्या गडद निळ्यावर! ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जुनीच आहे.

त्यांची नखं मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिली. चांगली फुगीर, घड्याळाच्या काचेसारखी गोल. ब्रश कसा घरंगळत जातो! मी म्हटलं, "आई, अशी नखं जाहिरातीतल्या बायकांचीसुद्धा नसतील." त्या म्हणाल्या, "पूर्वी अशी नव्हती गं. अलीकडेच झालीत." वय झालं की नखंही बदलत असतील. त्यांचा हात हातात घेऊन बसायची मलाच थोडी लाज वाटत होती. त्या मात्र निवांत बसल्या होत्या.

१९ जानेवारी

पहिली फेरी काढली. पाणचट अगदीच कुचकामी: माझ्या नखावरून अख्खा रंग सालीसारखा एकसंध निघून आला, तोही भांडी घासताना. दुधीमुळे रंग टिकला पण खाली पिवळट झाक राहिली. टेलरबाईच्या हातावर रबरी लावला होता, तिची नखं जशीच्या तशी स्वच्छ.

सासूबाईंची नखं मात्र निळसर. सगळीच. दुधीखालचीही आणि रबरीखालचीही. रिमूव्हरचा कापूस घासून घासून माझी बोटं झोंबायला लागली, पण निळेपणा हटत नाही. गडद निळ्याने दगा दिला म्हणायचा. पण टेलरबाईलाही तोच निळा लावला होता ना?

सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. त्यावरच दुसरा लाव."

२३ जानेवारी

डोकं लढवलं. बाटली आपण गदागदा हलवतो ते चूक, त्याने बुडबुडे येतात. तळहातांत धरून लाटल्यासारखी फिरवायची. बेस कोटच्या आधी नख रिमूव्हरने एकदा पुसून घ्यायचं, म्हणजे तेलकटपणा जातो. आणि ब्रश नखाच्या कडेवरूनही फिरवायचा, कारण टवका उडायला सुरुवात तिथूनच होते. हे सगळं केल्यावर तो जाड्यासुद्धा शहाण्यासारखा वागायला लागला! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते मला लागू होतं, बाटल्यांना उगाच शिव्या घातल्या.

या वेळी सासूबाईंना निळा दिलाच नाही, तपकिरी लावला. डाग रंगाचा आहे की बेस कोटचा, ते कळेल.

सासूबाई हल्ली खाली जाऊन आल्या की जिन्याच्या वळणावर बराच वेळ थांबतात आणि जाळीतून रस्ता बघतात. मी वरून हाक मारली तर हात वर करून थांब म्हणतात. रस्त्यावर एवढं काय बघण्यासारखं असतं कोण जाणे. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, हा आमच्याकडचा जुना विनोद. आज मी तो केला तर त्या हसल्या नाहीत.

२८ जानेवारी

तपकिरी काढला. डाग निळाच!

मी जाणूनबुजून त्यांच्या डाव्या करंगळीला काहीच लावलं नव्हतं, ताडून बघायला. ती करंगळीही तशीच. आता याला काय म्हणावं? माझाच धांदरटपणा असणार. एकाच कापसाने सगळी बोटं पुसली, त्यात जुना रंग करंगळीला लागला. किंवा म्हातारी नखं रंग जास्त पितात. ताईंच्या पार्लरमध्ये वयस्कर बायकाच जास्त येतात, म्हणजे डोक्याला ताप.

टेलरबाई म्हणाली, "उगाच घाबरतेस. माझं बघ की, लखलखीत." तिचं काय, तिची नखं रोज कापडावर घासली जातात.

३ फेब्रुवारी

सासूबाईंचं ब्लडप्रेशर तपासायला दवाखान्यात गेलो. तिथल्या नर्सने बोटाला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा लावला. आकडा बघून भुवया वर केल्या, दुसऱ्या बोटाला लावला, मग हसली. "आजी, एवढा गडद रंग! याच्यामुळे चुकीचं दाखवतंय. पुढच्या वेळी नखं साफ करून या." मी शरमेने अर्धी झाले. सासूबाई मात्र खुशीत. परत येताना म्हणाल्या, "बघ, तुझा रंग किती पक्का आहे, मशीनलासुद्धा पार करता येत नाही." त्यांनी माझ्या कामाचं असं कौतुक पहिल्यांदाच केलं. अर्धा रस्ता मी हवेत होते.

अर्धाच म्हणायचं, कारण उरलेला आम्ही रिक्षाने आलो. त्यांना एकदम रिक्षाची हौस आली. एरवी जवळ जायचं असलं की रिक्षावाल्याला बघूनच नाक मुरडतात.

७ फेब्रुवारी

सासूबाईंनी खुर्चीत बसून झोपायचं नवं खूळ काढलंय. कारण विचारलं तर म्हणतात, "आडवं झालं की नखं पांघरुणाला लागतात, तुझी मेहनत वाया जाते." मी म्हटलं, अहो आई, संध्याकाळी लावलेलं झोपायच्या आत दगडासारखं वाळतं. पण ऐकतील तर ना! यांनी दोन उशा आणून पाठीमागे लावून दिल्या आणि मला म्हणाले, "तुझं नेलपॉलिश आईच्या डोक्यात गेलंय." मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. या घरात माझी एखादी गोष्ट कुणाच्या डोक्यात जाणं हे नवीनच.

१४ फेब्रुवारी

ताईंना माझा आणि टेलरबाईचा हात दाखवून आले. रबरी बेस कोट, रंगाचे दोन पातळ थर, कडेवरून ब्रश. ताईंनी नखं उजेडात धरली, आपल्या नखाने खरवडून पाहिली, मग म्हणाल्या, "हं." ताईंचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या टाळ्या.

सासूबाईंच्या नखांचं बोलले नाही. लपवलं, सरळ सांगायचं तर. रस्ताभर ते मनात खुपत राहिलं. उद्या एखाद्या आजीची नखं निळी पडली आणि तिच्या सुनेने टेबलापाशी येऊन तमाशा केला तर? घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, तुमच्या डागाचं कोडं सुटेपर्यंत मी टेबल घेत नाही." त्या एकदम चिडल्या. "माझ्या नखांवरून जग ठरवतेस काय! टेबल घे. तारीख ठरली आहे ना? मग ठरली." एवढं बोलून खोकत बसल्या. मी पाणी आणून दिलं.

१९ फेब्रुवारी

एक गंमत लक्षात आली. दोन दिवस त्यांची नखं कोरी आहेत, तर सकाळी डाग फिका असतो आणि जिना चढून आल्या की गडद. मी त्यांना खिडकीपाशी नेऊन पाहिलं, आतल्या खोलीत नेऊन पाहिलं. उजेडाचा फरक असेल म्हणावं तर खिडकीतही दोन वेळा दोन रंग. मग वाटलं, हात गार पडत असतील. थंडीने माझीही नखं जांभळी होतात. हात चोळून दिले. त्यांची बोटं खरंच गार होती.

मी म्हटलं, "आठवडाभर काहीच नको लावूया. नखांना मोकळं सोडू." त्या म्हणाल्या, "टेबल लागेपर्यंत तरी राहू दे. मग काय ते बघ." एवढी हौस! तरुणपणी कधी साधी क्रीमची डबी घेतली नाही या बाईने. शेवटी मरून रंग लावला, त्यांच्याच पसंतीचा, सगळ्यांत गडद. उरलेली हौस भागवून घेऊ दे.

२४ फेब्रुवारी

लिहवत नाहीये, तरी लिहिते.

दुपारी टेलरबाई धावत वर आली. सासूबाई जिन्याच्या वळणावर बसल्या होत्या, भिंतीला डोकं टेकून. बोलता येत नव्हतं. त्या समोरच्या इमारतीत गेल्या होत्या. माझ्या टेबलाबद्दल घरोघरी सांगायला! हातांची नखं दाखवून, "माझी सून लावते" म्हणून. हे मला टेलरबाईने रिक्षात सांगितलं. यांना फोन केला तर हे कुठल्याशा लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले, लागलाच नाही.

हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणाली, "चिमटा लावायचाय, एका बोटाचा तरी रंग काढा लवकर." रिमूव्हर आणि कापूस माझ्या पिशवीत असतातच. लगेच काढला. नख निळं, आजवर पाहिलं त्याहून कितीतरी जास्त. मी तिला म्हटलं, "तो डाग आहे, बेस कोटमधून उतरलेला. जात नाही तो."

नर्सने नख दाबलं आणि सोडलं. ते पांढरं झालं आणि मग हळूहळू पुन्हा निळं भरून आलं. "ताई, डाग असा जातो-येतो का? त्यांचे ओठ बघा."

ओठांना मी काहीच लावलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

ऑक्सिजन लावलाय. मी आज बसून एकच काम केलं, त्यांच्या बोटाकडे बघणं. बाकीच्या नखांचा रंगही काढून टाकला. दुपारपर्यंत निळेपणा फिका झाला, मग राखाडी, मग कडेने गुलाबी. इतके दिवस ज्यासाठी बाटल्यांमागून बाटल्या आणल्या, ते एका नळीने केलं. मला रडू फुटलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईने मला पाणी दिलं.

डॉक्टरांनी फुफ्फुसं कडक होत चालल्याचं सांगितलं. हा बरा होणारा आजार नाही, पण औषधं आणि घरी ऑक्सिजन घेऊन सांभाळून राहता येईल. नखं फुगीर होणं हेही त्यातलंच. ती फुगीर नखं मी वाखाणली होती. "दम कधीपासून लागतो?" डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "थंडी सुरू झाली तेव्हापासून."

डॉक्टर गेल्यावर मी चिडलेच. "अहो आई, मला का नाही सांगितलंत? रोज तुमचा हात माझ्या हातात होता!"

"होता की," त्या म्हणाल्या. "पण तू नखंच बघत होतीस."

त्या टोचून बोलल्या नाहीत. मास्कमधून आवाज बारीक येत होता, आणि चेहऱ्यावर जवळजवळ हसू होतं. पण काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा मी हातात धरून बसले होते. मला माझा इतका राग आज आला, तितका आयुष्यात कधी कुणाचा आला नव्हता.

२७ फेब्रुवारी

मी ताईंना फोन करून टेबल नको म्हणून सांगायचं ठरवलं. दुसरा मार्ग दिसत नव्हता: घरी ऑक्सिजनचं मशीन येणार, औषधं, जेवण, नळी, कोणीतरी सारखं जवळ हवं. ते कोणीतरी कोण, हे या घरात कधी विचारावं लागलेलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातला फोन पाहिला आणि मास्क बाजूला केला.

"कुणाला लावतेस?"

"ताईंना. नाही म्हणून सांगते."

"मग मी कशाला गप्प बसले?" त्यांना धाप लागली, तरी थांबेनात. "तुझ्या सासऱ्यांच्या आजारपणात तुला आम्ही घरी बसवलं. तू हूं की चूं केलं नाहीस, म्हणून आम्हीही विचारलं नाही. तेव्हा मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलायला हवा होता. आता माझ्या पायी पुन्हा तेच? म्हटलं, एकदा तुझं टेबल लागू दे. मग सांगू."

मी मास्क परत नीट लावला. आणि ओरडलेच. "आणि मध्येच काही झालं असतं तर? मी त्या टेबलावर बसून काय केलं असतं, सांगा ना!" नर्स धावत आली. आम्ही दोघीही रडत होतो आणि नर्सला वाटलं भांडतोय. तसं भांडतच होतो.

हे दारात उभे होते, हातात डबा. किती वेळ उभे होते देव जाणे. घरी जाताना म्हणाले, "मी संध्याकाळची पाळी मागून घेतो. तू पार्लरमध्ये असशील तेव्हा मी घरी. आई माझीही आहे." हे वाक्य यायला बरीच वर्षं लागली. पण आलं तर खरं. मी फोन पिशवीत ठेवला.

९ मार्च

सासूबाई घरी आल्या. मशीन त्यांच्या खाटेशेजारी घुर्र घुर्र करत असतं. ताईंनी टेबलाची तारीख थोडी पुढे ढकलून दिली आणि सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "बेस कोट तोच ठेव." नळी कशी लावायची, ओठ आणि नखं कशी तपासायची हे नर्सने मला आणि यांना शिकवलं. हे तपासतात ते बोल्ट घट्ट आहे का बघावं तसं. डॉक्टरांनी हातांच्या नखांना रंग पूर्ण बंद केलाय.

१४ मार्च

टेबलाचा पहिला दिवस. दोघीजणी आल्या. त्यातली एक नुसता जुना रंग काढायला. दुसरी समोरच्या इमारतीतली. "तुमच्या सासूबाईंनी दाखवलेला तो मरून हवा," म्हणाली, आणि मी ब्रश खाली ठेवून थोडा वेळ रुमाल शोधत बसले. तिची नखं मी आधी बारकाईने पाहिली. "काय झालं हो?" तिने विचारलं. "काही नाही, छान आहेत," मी म्हटलं, आणि लावायला घेतलं.

घरी आले तर हे पाळीवर निघायच्या तयारीत, आणि सासूबाई खुर्चीत जाग्याच. "किती आल्या?" मी सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "मग अजून एक गिऱ्हाईक घे. मला लाव."

"आई, डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"हातांचं सांगितलंय." त्यांनी पांघरूण बाजूला सारलं आणि पाय पुढे केला. "लाल लाव. मिळमिळीत नको."

मी खाली बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याचं नख दाबलं, सोडलं आणि रंग भरून येईपर्यंत थांबले. मग दुसरं. मग वर बघून त्यांचे ओठ पाहिले. मग विचारलं, "आज दम लागला का? खरं सांगा."

"दुपारी थोडा. अंघोळीनंतर." त्यांनी नळी सारखी केली. "आणि आत्ता, हा आत पाळीची तयारी करत असताना. एकटीला भीती वाटते गं तेव्हा."

हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. मी त्यांचा पाय धरून तशीच बसले. बाटली उघडलीच नाही बराच वेळ.

"अगं, लावतेस ना?" त्या म्हणाल्या.

"लावते," मी म्हटलं. "आधी सगळं सांगा."